अंड्यातलं औषध: कोंबडीने दहा दिवसांपूर्वी काय खाल्लं?

कोंबडी आज सकाळी जे अंडं घालते, त्यातला पिवळा बलक आज तयार झालेला नसतो. गेले आठ-दहा दिवस थरावर थर चढत तो मोठा झालेला असतो. अंड्यात अँटिबायोटिकचा अंश कसा येतो, किती दिवस टिकतो, औषध बंद केल्यावर लगेच का जात नाही, या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीत आहेत. म्हणून सुरुवात कोंबडीच्या पोटापासूनच करायला हवी.

अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या अंडाशयात एकाच वेळी लहानमोठे पिवळे गोळे असतात. सगळ्यात मोठा आज-उद्या सुटणारा, त्याच्या मागचा थोडा लहान, त्याच्या मागचा आणखी लहान, असे पाच-सहा मोठे आणि बाकी पुष्कळ बारीक. बारीक गोळा महिनोन्‌महिने तसाच पडून असतो. एकदा त्याची वेगाने वाढ सुरू झाली, की साधारण आठ ते अकरा दिवसांत तो पूर्ण बलक होतो. या दिवसांत यकृतात तयार झालेली चरबी आणि प्रथिनं रक्तातून येऊन त्याच्यावर बसत राहतात. त्या दिवशी रक्तात औषध फिरत असेल, तर तेही त्या थरात जातं आणि तिथेच अडकतं. कोंबडीच्या रक्तातलं औषध यकृत आणि मूत्रपिंडं काढून टाकतात; बलकात शिरलेलं औषध बाहेर काढायला तिथे कुणीच नाही.

पांढऱ्या भागाचा हिशोब वेगळा आहे. सुटलेला बलक अंडनलिकेत एकूण २४ ते २६ तास असतो. त्यातले सुमारे तीन तास पांढरा भाग चढायला लागतात आणि १८ ते २० तास कवच बनायला. पांढऱ्या भागाची प्रथिनं त्याआधी एक-दोन दिवस नलिकेच्या भिंतीत साठत असतात. त्यामुळे औषध सुरू केलं की ते आधी पांढऱ्या भागात दिसतं, बंद केलं की तिथूनच आधी कमी होतं. बलक मात्र उशिरा भरतो आणि उशिरा रिकामा होतो.

हे तारखा घालून पाहू. समजा, कळपाला १ ते ५ तारखेपर्यंत पाण्यातून औषध दिलं. ६ तारखेला मिळालेल्या अंड्याच्या बलकाचे शेवटचे, म्हणजे बाहेरचे, थर औषधाच्या दिवसांतले आहेत. १० तारखेच्या अंड्यात तेच थर मधोमध आहेत. १५ तारखेच्या अंड्याचा बलक वाढायला लागला तोच मुळी ४-५ तारखेला, म्हणजे त्याच्या अगदी आतल्या भागात अजून थोडं औषध आहे. कोंबडी ६ तारखेलाच ठणठणीत दिसते, शेडमध्ये औषधाचं पाकीटही उरलेलं नसतं, तरी अंड्यांतून औषध पुढचे दहा-अकरा दिवस बाहेर येत राहतं. छोट्या कोर्समध्ये तर औषध थांबवल्यानंतरही दोन-तीन दिवस बलकातला अंश कमी होण्याऐवजी वाढलेला दिसू शकतो, कारण बलकाची सर्वाधिक वाढ सुटण्याआधीच्या काही दिवसांत होते आणि ते दिवस नेमके औषधाचे असतात.

प्रत्येक औषध सारखं वागत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन दोन्ही भागांत जातात. एन्रोफ्लॉक्सासिन पांढऱ्या भागात लवकर दिसतं, मग बलकातही उतरतं, आणि शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो. माणसांना लिहून दिलं जातं तेच हे सिप्रोफ्लॉक्सासिन. सल्फा गटातली औषधं पांढऱ्या भागात भरपूर जातात. निओमायसिनसारखं औषध तोंडावाटे दिलं तर आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, त्यामुळे अंड्यातही कमी येतं. तेच इंजेक्शनने दिलं तर चित्र बदलतं. म्हणजे ‘अँटिबायोटिक दिलं होतं का?’ एवढं विचारून भागत नाही. कोणतं, कशातून, किती दिवस आणि कधी थांबवलं, हे चारही माहीत असावं लागतं.

सात दिवसांचा नियम आणि त्याची मर्यादा

औषध थांबवल्यापासून अंडी विकायला योग्य होईपर्यंतच्या काळाला पोल्ट्रीवाले ‘विड्रॉवल’ म्हणतात. भारतात २०१२ मध्ये औषध नियमावलीच्या नियम ९७ मध्ये दुरुस्ती झाली आणि अन्नासाठी पाळलेल्या जनावरांच्या औषधांच्या वेष्टनावर हा काळ छापणं बंधनकारक झालं. एखाद्या औषधाचा काळ चाचणी करून ठरवलेला नसेल, तर अंडी आणि दुधासाठी किमान ७ दिवस आणि कोंबडीच्या व इतर जनावरांच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे, असं तो नियम सांगतो.

वर पाहिलेलं बलकाचं गणित या सात दिवसांशेजारी ठेवा. बलक वाढायला आठ ते अकरा दिवस लागतात आणि किमान मुदत सात दिवसांची. अंड्यात फारसं न उतरणाऱ्या औषधाला ती पुरेल. बलकात साठणाऱ्या औषधाला पुरेलच असं नाही. म्हणून वेष्टनावर अंड्यांसाठी वेगळा, चाचणीने ठरवलेला आकडा दिसत नसेल, तर ते औषध अंड्यावरच्या कळपाला देऊच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. काही औषधांवर ‘अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठी नाही’ असं लिहिलेलं असतं. युरोपात एन्रोफ्लॉक्सासिनवर हीच सूचना असते. शिवाय अंड्यावर येण्याआधीच्या १४ दिवसांतही ते देऊ नये, असं त्यात म्हटलेलं असतं. कारण तेच. पहिलं अंडं दिसायच्या आधीच आतले गोळे भरायला लागलेले असतात. १८ आठवड्यांच्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, ‘अजून अंडं कुठे आहे’ म्हणून औषध दिलं, की पहिल्या आठवड्याची सगळी अंडी ते घेऊन बाहेर येतात.

औषध न देताही औषध येतं

अंड्यांच्या नमुन्यात औषध सापडलं की शेतकऱ्याने मुद्दाम दिलं असणार, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तसं असतंही. सीआरडी (श्वासाचा जुनाट आजार), कोरायझा (कोंबड्यांची सर्दी), ई. कोलाय जंतूंचा संसर्ग अशा आजारांत उत्पादन घसरतं आणि दुकानदाराच्या सल्ल्याने पाण्यात पावडर पडते. पण तीन वाटा अशा आहेत, ज्या शेतकऱ्याच्याही लक्षात येत नाहीत.

पहिली वाट फीड मिलची. एकाच मिक्सरमध्ये सकाळी ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठीच्या कोंबडीचं, खाद्य बनतं आणि दुपारी लेअरचं, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबडीचं. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवी आजार रोखण्यासाठी निकार्बाझिन घातलं असेल, तर त्याचं नेहमीचं प्रमाण टनाला १२५ ग्रॅमपर्यंत असतं. मिक्सरच्या तळाशी, एलिव्हेटरच्या बुटात आणि कन्व्हेयरच्या कोपऱ्यात आधीच्या खाद्यातलं फक्त एक टक्का राहिलं, तरी पुढच्या टनभर लेअर खाद्यात सव्वा ग्रॅम निकार्बाझिन जातं. निकार्बाझिन लेअरमध्ये लपतही नाही: तपकिरी अंड्याचं कवच फिकट पडतं, बलकावर डाग येतात, ब्रीडर कळपात, म्हणजे पिल्लांसाठी अंडी घेतात त्या कळपात, अंडी उबेनाशी होतात. डाग दिसले की खाद्यातल्या बुरशीला दोष दिला जातो. फीड मिलचा मागच्या बॅचचा कागद कुणी मागत नाही. चांगली मिल लेअरचं खाद्य आधी आणि औषधी खाद्य शेवटी बनवते. मध्ये मका किंवा सोयापेंड फिरवून मिक्सर धुऊन काढते आणि ती धुवण पुन्हा औषधी खाद्यातच वापरते.

दुसरी वाट पाण्याच्या पाइपची. निपल म्हणजे कोंबडीने चोच लावली की पाणी सोडणारी तोटी; त्या निपलच्या लाइनमध्ये आतून चिकट थर बसतो, विशेषतः व्हिटॅमिन, गूळपाणी किंवा इलेक्ट्रोलाइट वारंवार दिल्यावर. औषध त्या थरात मुरतं आणि नंतर सावकाश सुटत राहतं. टाकी धुतली, पण लाइन धुतली नाही, तर कोर्स संपल्याची तारीख नुसती कागदावर राहते.

तिसरी वाट लिटरची, म्हणजे शेडमध्ये जमिनीवर अंथरलेल्या तुसाची. पिंजऱ्यातल्या कोंबडीची विष्ठा खाली पडते. जमिनीवर, तुसावर ठेवलेली कोंबडी तीच उकरते आणि टिपते. विष्ठेतून बाहेर पडलेलं औषध अशा रीतीने पुन्हा पोटात जातं. गावरान म्हणून विकलं जाणारं अंडं औषधमुक्तच असणार, हा समज इथे सुटतो. परसातल्या वीस कोंबड्यांना सर्दी झाली, की कित्येक ठिकाणी घरातल्या माणसासाठी आणलेली गोळी कुटून दाण्यात मिसळली जाते. त्या अंड्यांना ना विड्रॉवल असतो, ना नोंद.

याच ठिकाणी बोअरच्या जड पाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण जादा औषध देण्याचं ते मोठं आणि दुर्लक्षित कारण आहे. टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला बांधली जातात आणि मग आतड्यातून शोषली जात नाहीत. लेअरच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतंच. त्यात बोअरचं क्षारयुक्त पाणी. औषध ‘लागत नाही’, मग मात्रा दुप्पट होते, कोर्स लांबतो, दुसरं औषध जोडलं जातं. पाण्याचा जडपणा एकदा तपासून घेतला आणि औषधाच्या पाण्यात सायट्रिक आम्ल वापरण्याबद्दल पशुवैद्यकाला विचारलं, तर हे टळतं.

नियम मोडतो कुठे

दहा हजार पक्ष्यांचं शेड धरा. ९० टक्के उत्पादन म्हणजे रोज ९,००० अंडी. सात दिवस अंडी बाजूला काढली तर ६३,००० अंडी. शेतावर पाच रुपये भाव धरला तर तीन लाख पंधरा हजार रुपये. दहा-अकरा दिवस थांबायचं तर साडेचार लाखांच्या पुढे. या काळात खाद्य चालूच असतं, पक्ष्यामागे रोज साधारण ११० ग्रॅम. आजाराने उत्पादन आधीच उतरलेलं असतं. हे नुकसान भरून देणारी कुठलीही सर्वसाधारण व्यवस्था शेतकऱ्यापाशी नाही, आणि शेजारच्या शेडने अंडी थांबवली नाहीत तरी त्याला तोच भाव मिळतो.

नियम माहीत नाही म्हणून मोडतो, असं म्हणणं म्हणूनच अपुरं आहे. विड्रॉवल पाळणाऱ्याला बाजार काहीही देत नाही, हे खरं दुखणं आहे. अंडी गोळा करणारा व्यापारी औषधाची नोंदवही मागत नाही, तोवर फक्त शेतकऱ्याला उपदेश करून काही बदलणार नाही. निर्यातीत हे बदललेलं दिसतं. तमिळनाडूतल्या नामक्कलहून अंडी परदेशी जातात, तिथे नमुना नापास झाला की अख्खी खेप अडकते. म्हणून तिथे नोंदी आणि तपासण्या होतात. आपल्याच देशातल्या मुलाच्या ताटातल्या अंड्यालाही हीच काळजी मिळायला हवी.

किती म्हणजे जास्त

परवानगी असलेल्या औषधांसाठी ‘कमाल अवशेष मर्यादा’ असते. ती ठरवताना आधी माणसाने रोज, आयुष्यभर घेतलं तरी अपाय होणार नाही अशी मात्रा काढतात. टेट्रासायक्लिन गटासाठी ती शरीराच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत आहे. ६० किलोच्या माणसाला रोज १,८०० मायक्रोग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात अंड्यांसाठी या गटाची मर्यादा किलोला ४०० मायक्रोग्रॅम आहे, युरोपात २००. कवच काढून ५० ग्रॅमचं अंडं धरलं, तर ४०० च्या मर्यादेवर असलेल्या एका अंड्यात २० मायक्रोग्रॅम औषध असेल. नुसत्या अंड्यांतून १,८०० गाठायला एका दिवसात ९० अंडी खावी लागतील. मर्यादा काढताना रोज १०० ग्रॅम अंड्यांसोबत ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम यकृत, दीड लिटर दूध असा भरपूर आहार गृहीत धरलेला असतो. म्हणजे मर्यादेच्या आतल्या अंड्याने विषबाधा होते, ही भीती निराधार आहे.

काही औषधांना मात्र मर्यादाच नसते. ती बंद असतात. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित एखाद्या माणसाच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणं थांबतं, आणि ते किती मात्रेने होईल याचा अंदाज बांधता येत नाही. नायट्रोफ्युरान गटातली औषधं जनुकांना इजा करणारी आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गाठी निर्माण करणारी ठरली. अशा पदार्थांची ‘इतकं चालेल’ अशी मात्रा काढता येत नाही. युरोपने नव्वदच्या दशकातच अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यांचा वापर थांबवला. भारतात ती अंडी उत्पादनाच्या कोणत्याही टप्प्यावर वापरायला मनाई आहे, आणि २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा जनावरांसाठी क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरानची औषधं बनवायला आणि विकायलाही बंदी घातली. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर अशी बंदी जुलै २०१९ मध्येच आली होती.

डिसेंबर २०२५ मध्ये एका ब्रँडच्या अंड्यांत ‘एओझेड’ सापडल्याच्या बातमीने घरोघरी प्रश्न पडला. एओझेड हा फ्युराझोलिडोन या नायट्रोफ्युरान औषधाचा शरीरात उरणारा तुकडा. मूळ औषध काही तासांत मोडून जातं, पण हा तुकडा प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतो, म्हणून प्रयोगशाळा औषध न शोधता तुकडाच शोधते. त्या बातमीतला आकडा किलोला ०.७४ मायक्रोग्रॅम होता. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं की कारवाईसाठीची पातळी किलोला १ मायक्रोग्रॅम आहे. युरोपात हीच पातळी नोव्हेंबर २०२२ पासून ०.५ वर आणली आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. किलोला १ मायक्रोग्रॅम म्हणजे हजार टन अंड्यांत १ ग्रॅम. हजार टन म्हणजे साधारण दोन कोटी अंडी. इतक्या सूक्ष्म अंशाने ते अंडं खाणाऱ्या माणसाला कर्करोग होतो, असं म्हणायला आधार नाही. पण ही पातळी ‘वापरायची परवानगी’ही नाही. प्रयोगशाळा खात्रीने मोजू शकते आणि प्रशासन कारवाई करू शकते, अशी ती रेषा आहे. रेषेच्या खाली सापडलेलं एओझेडही विचारतंच: बंद औषध कळपापर्यंत पोचलं कसं? पाण्यातून, खाद्यातून, की जुन्या लिटरमधून? अंड्याची टोपली फेकून देणाऱ्याचीही गल्लत होते आणि ‘सगळं सुरक्षित आहे’ म्हणून फाइल बंद करणाऱ्याचीही.

प्रयोगशाळेत काय होतं

घरी करायच्या कुठल्याही युक्तीने औषध ओळखता येत नाही. पाण्यात अंडं तरंगलं तर ते जुनं आहे, एवढंच कळतं. बलक गडद केशरी असेल तर खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क आहे, एवढंच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीचा.

पहिल्या चाळणीसाठी जंतूंची चाचणी वापरतात: नळीत उष्णतेत वाढणारे निरुपद्रवी जंतू असतात, त्यावर अंड्याचं मिश्रण घालून ६४ अंशांवर ठेवायचं. जंतू वाढले तर रंग जांभळ्याचा पिवळा होतो. औषध असेल तर वाढ अडते आणि रंग बदलत नाही. अंड्यात एक अडचण आहे. पांढऱ्या भागात लायसोझाइम हा जंतू मारणारा नैसर्गिक घटक असतो आणि तोच जंतूंना अडवतो. म्हणून मिश्रण आधी ८० अंशांवर दहा मिनिटं तापवून तो निकामी करावा लागतो. ही पायरी गाळली की निर्दोष अंडंही दोषी ठरतं. आणि ही चाचणी क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान त्या सूक्ष्म पातळीला पकडत नाही.

त्यासाठी एलसी-एमएस/एमएस हे रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं यंत्र लागतं. नायट्रोफ्युरानच्या तपासणीत नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात नायट्रोबेन्झाल्डिहाइडसोबत रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात, म्हणजे प्रथिनाला चिकटलेला तुकडा सुटतो आणि यंत्राला दिसेल अशा रूपात येतो. एका दिवसात नायट्रोफ्युरानचा अहवाल देतो म्हणणाऱ्याला ही पायरी कशी केली, ते जरूर विचारा. याच गटातल्या सेमिकार्बाझाइड या तुकड्याबाबत आणखी एक सावधगिरी हवी: तो बाटलीच्या झाकणातल्या रबरी अस्तरासारख्या इतर स्रोतांतूनही येऊ शकतो. एओझेड तसं येत नाही. त्याच्या मागे फ्युराझोलिडोनच असतं.

अहवाल वाचताना ‘आढळलं नाही’ या शब्दांवर थांबू नका. शेजारी मोजणीची किमान क्षमता लिहिलेली असते. ती किलोला ५ मायक्रोग्रॅम असेल आणि कायद्याची रेषा १ असेल, तर तो ‘आढळलं नाही’ काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, यासोबतच त्याच तपासणीसाठी आणि अंडी या पदार्थासाठी ती आहे का, हे पाहावं लागतं.

उकळलं तर जातं का

जंतू जातात. औषध बहुतांशी राहतं. टेट्रासायक्लिनचा काही भाग तापवल्याने मोडतो, पण एन्रोफ्लॉक्सासिन, सल्फा आणि नायट्रोफ्युरानचे तुकडे घरच्या उष्णतेला दाद देत नाहीत. अंडी धुवून, मिठाच्या पाण्यात ठेवून, बलक काढून टाकून औषध निघत नाही. बलक टाकला तर पांढऱ्यातलं राहतंच आणि बलकातली जीवनसत्त्वं मात्र जातात.

तरी अंडं पूर्ण शिजवणं महत्त्वाचं आहे, आणि त्याचं कारण प्रतिरोध आहे. औषधाला न जुमानणारे जंतू कोंबडीच्या आतड्यात तयार होतात, कवचावर लागतात, खतातून शेतात जातात. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा धोका अंड्यातल्या मायक्रोग्रॅमपेक्षा कितीतरी मोठा आहे. चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत कोलिस्टिनला न जुमानणारं एमसीआर-१ हे जनुक सापडल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. ते एका जंतूतून दुसऱ्यात सहज उडी मारतं. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनची परवानगी काढून घेतली, तीही अंड्यातल्या अंशासाठी नव्हे, तर माणसांना आजारी पाडणारे कॅम्पिलोबॅक्टर जंतू त्या गटाला दाद देईनासे झाले म्हणून. विड्रॉवल पाळला की अंडं स्वच्छ होतं. आतड्यात तयार झालेला प्रतिरोधी जंतू मात्र विड्रॉवलने जात नाही. त्यासाठी औषधाचा वापरच कमी व्हावा लागतो. ताजं कोंबडखत थेट पालेभाजीला न घालता नीट कुजवून घालणं हाही याच कामाचा भाग आहे.

खाणाऱ्याने काय करावं, तर अंडी खात राहावं. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं मिळतात आणि त्या भावात दुसरं काही सहज मिळत नाही. तडा गेलेलं अंडं घेऊ नये, कच्चं अंडं दुधात घालून पिऊ नये, कच्चं अंडं हाताळल्यावर हात धुवावेत. ‘अँटिबायोटिकमुक्त’ लिहिलेल्या पाकिटाला दुप्पट पैसे देण्याआधी त्यावर बॅच क्रमांक आहे का आणि त्या बॅचचा अहवाल मिळतो का, ते पाहावं. वर्षभरापूर्वीच्या एका नमुन्याचा अहवाल आजच्या अंड्याबद्दल काही सांगत नाही. शंका असेल तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

शेडवर काय करायचं

औषध लागलंच, तर मात्रा पक्ष्यांच्या वजनावर काढा, टाकीच्या मापावर नको. समजा ५,००० पक्षी, प्रत्येकी दीड किलो, आणि पशुवैद्यकाने किलोमागे २० मिलिग्रॅम लिहिलं. एकूण वजन ७,५०० किलो, म्हणजे दिवसाला १५० ग्रॅम मूळ औषध. पावडर ५० टक्क्यांची असेल तर ३०० ग्रॅम. ‘लिटरला इतके ग्रॅम’ या हिशोबात उन्हाळ्यात गडबड होते. कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि मे महिन्यात त्याच्या दुप्पट, म्हणजे औषधही दुप्पट पोटात जातं. ठरलेली दिवसाची मात्रा चार-सहा तासांत संपेल एवढ्याच पाण्यात द्यावी आणि मग साधं पाणी सुरू करावं.

कोर्स संपला त्याच दिवशी टाकी रिकामी करून घासा, प्रत्येक निपल लाइनचं टोक उघडून दाबाने पाणी सोडा. लाइन निर्जंतुक करणारं रसायन बाटलीवरच्या प्रमाणात, पक्ष्यांना पिता येणार नाही अशा वेळी फिरवून पुन्हा धुवा. विड्रॉवलचा पहिला दिवस लाइन धुतल्यानंतरचा धरा. या काळातली अंडी वेगळ्या रंगाच्या ट्रेमध्ये ठेवा आणि चुना टाकून खड्ड्यात पुरा. ती बेकरीला, पावडर कारखान्याला किंवा कामगारांना देऊ नका, आणि फोडून पक्ष्यांच्या खाद्यात घालू नका.

नोंदवहीत शेड क्रमांक, पक्ष्यांची संख्या आणि वय, आजाराची लक्षणं, औषधाचं नाव, बॅच, मात्रा, सुरू आणि बंद केल्याची तारीख, लाइन धुतल्याची तारीख, अंडी विक्रीला सोडल्याची तारीख, आणि लिहून देणाऱ्या पशुवैद्यकाची सही असावी. बिनलेबलच्या ‘टॉनिक’ पावडरी घेऊच नका. बंद औषधं शेडमध्ये शिरण्याची ती नेहमीची वाट आहे.

औषधाची वेळच कमी यावी यासाठी सगळ्यात जास्त उपयोग पाणी आणि हवेचा होतो. शेवटच्या निपलपाशी क्लोरीन तपासा, टाकीपाशी नाही. टाकीत असलेलं क्लोरीन लाइनच्या टोकापर्यंत बऱ्याचदा पोचतच नाही. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरत असतील तर अमोनिया २० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) वर गेलेला आहे आणि पक्ष्यांच्या श्वासनलिकेचं आवरण खराब होऊ लागलं आहे; सीआरडी आणि ई. कोलाय त्याच जागेतून शिरतात. खाली साठलेली विष्ठा, गळणारे निपल आणि बंद पडदे ही त्याची कारणं. राणीखेत आणि आयबी (इन्फेक्शियस ब्राँकायटिस) या विषाणूजन्य आजारांची लस वेळेवर झाली नसेल, तर विषाणूमागून येणाऱ्या जंतूंसाठी अँटिबायोटिक देत बसावं लागतं, आणि मूळ विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

आणि मर सुरू झाली की पावडर फोडण्याआधी नमुना पाठवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातूनही नमुना पाठवता येतो. नुकतेच मेलेले दोन-तीन पक्षी दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात पाठवावेत, गोठवू नयेत. सोबत वय, लसीकरण आणि आधी दिलेली औषधं लिहिलेला कागद ठेवावा. कोणतं औषध लागू पडेल, हे जंतू वाढवून पाहिल्यावरच कळतं, आणि औषध सुरू झाल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात बहुतेक वेळा जंतू वाढतच नाहीत.